मोडीत घालण्यापूर्वी

आश्विन उतरणीला लागला की आमच्या मंगरूळपीरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांतील तराजूंना उसंत नसते. एका पारड्यात जुने तांबे-पितळ चढते आणि त्याच्या बदल्यात घरी नवे, चकचकीत स्टीलचे डबे येतात. हा व्यवहार आजचा नव्हे; आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे, असेही आमचे म्हणणे नाही. चाळीस पानांची पंगत दहा पानांवर आली, घासणारे हात कमी झाले, जड पातेली उचलताना कंबर दुखू लागली. अशा स्थितीत माळ्यावर धूळ खात पडलेले हंडे, गुंड्या व घंगाळे कोणी आणि कोठवर सांभाळावी? घर म्हणजे काही पदार्थसंग्रहालय नव्हे. परंतु मोडीत घालण्यापूर्वी वस्तू एकदा नीट पाहावी, ती दुरुस्त होण्याजोगी आहे किंवा कसे हे जाणत्या माणसाला विचारावे, एवढी तसदी बहुतेक घरांतून घेतली जात नाही, हे मात्र खरे. पोते भरले, वजन झाले, घट वजा जाता पैसे मिळाले, की आवराआवरीचे समाधान वाटून मंडळी मोकळी होतात.

दुकानदार भांड्याची किंमत वजनावर करतो, आणि त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ते रास्तच आहे. ते भांडे भट्टीत जाऊन वितळावयाचे. त्यास घाटाशी किंवा कलाकुसरीशी काय कर्तव्य? पण आपल्याकडील जुन्या भांड्यांच्या काठाखाली बारीक ठिपक्यांनी कोरलेली अक्षरे असतात, त्यांचे वजन होत नाही. मुंजीत मिळालेली पळी-पंचपात्री, लग्नातील आहेराची परात, डोहाळजेवणाचे ताट, बारशाचा वाळा आणि गडवा. कोणी दिले, कोणास दिले, कोणत्या प्रसंगाने, कोणत्या शकात, हे सारे त्या काठावर लिहिलेले असते. घरातील शंभर वर्षांपूर्वीचे कागदपत्र मोडी लिपीत असल्याने आज आपणांस वाचता येत नाहीत. भांड्यांवरील अक्षरे मात्र बहुधा बाळबोध असतात. शाळेत जाणारे पोरही ती वाचू शकते.

या तालुक्यातील एका घराण्याची हकीकत आमच्या माहितीतील आहे. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तिघा भावांच्या वाटण्या झाल्या, वाडा विकण्याचे ठरले आणि माळ्यावरील भांडी चार पोत्यांत भरली गेली. दोन पोती बाजारात गेल्यावर धाकट्या सुनेच्या मनात आले की, पुरणासाठी एखादी मोठी परात हाताशी असावी. तिने तिसऱ्या पोत्यातील एक परात काढून घेतली व कल्हईला देण्यापूर्वी ती चिंचेने घासली. काठाखाली अक्षरे दिसू लागली. वैशाख शके 1833, म्हणजे इसवी सन 1911, या मितीस एका मामाने आपल्या भाचीला लग्नात दिलेला तो आहेर होता. भाचीचे माहेरचे नाव, मामांचे आडनाव, आणि त्यांचे गाव, सर्व स्वच्छ वाचता येत होते. ही भाची म्हणजे थोरल्या जाऊबाईंच्या आजेसासूबाई. लग्नात नाव बदलण्याची आपली रीत. त्यामुळे घरी त्यांचे सासरचेच नाव तेवढे सर्वांस ठाऊक. माहेरी त्यांना काय म्हणत, त्यांचे आजोळ कोठले, हे सांगणारे माणूस आता घरात कोणी उरले नव्हते. घराण्याची वंशावळ सुंदर अक्षरात लिहून चौकटीत लावलेली आहे. तीत बापापुढे लेक, लेकापुढे नातू, अशी सात पिढ्यांची पुरुषांची नावे आहेत. ज्या बायकांनी त्या सात पिढ्या वाढविल्या त्यांच्यापैकी एकीचेही नाव नाही. मग उरलेल्या दोन पोत्यांतील एकूणएक भांडे त्या जावांनी काठ घासून वाचले, तेव्हा सतरा भांड्यांवर नावे निघाली. गेलेल्या दोन पोत्यांत किती होती, ते भट्टीलाच ठाऊक.

ही हकीकत ऐकल्यापासून आम्ही जो तो घरात येईल त्याला एकच गोष्ट सांगत असतो. भांडे ठेवावयाचे असो वा विकावयाचे असो, आधी त्याचा काठ, बूड आणि कानांखालची जागा चिंचेच्या कोळाने हलक्या हाताने स्वच्छ करून पाहा. अक्षरे निघाली तर त्यांवर पातळ कागद घट्ट धरून वरून शिसपेन्सिलीचे टोक आडवे करून घासले असता ती अक्षरे जशीच्या तशी कागदावर उमटतात. लहान मुलांना या कामाची भारी हौस असते. सुटीत त्यांच्यावरच ते सोपवावे. कागदाच्या पाठीमागे भांड्याचा प्रकार, अदमासे वजन व ते हल्ली कोणाकडे आहे, एवढे टिपून ठेवावे. भांडे पुढे कोणाच्या वाटणीला गेले किंवा मोडीत जरी गेले, तरी नाव घरात राहील.

याच कारणास्तव जुनी भांडी यंत्राच्या चाकावर चमकवून घेण्याच्या हल्लीच्या टूमेविषयी आमचे मत अनुकूल नाही. फिरत्या चाकावर दोन मिनिटांत पितळ सोन्यासारखे उजळते खरे. पण त्या दोन मिनिटांत वरचा पातळ पापुद्रा निघून जातो, आणि ठिपक्यांची अक्षरे मुळातच उथळ असल्याने अशी दोन-तीन उजळणी झाली की ती बोथट होऊन पुसली जातात. ठोक्याच्या भांड्यावरील तांबटाच्या हातोडीचे डागही, ज्यांना पुण्याच्या तांबट आळीत मठार म्हणतात, असेच झिजतात. चिंच, लिंबाची साल, आंबट ताक, राख ही आपली जुनी साधने संथ आहेत, पण ती मळ तेवढा काढतात. धातूची शुद्धी क्षार, आम्ल आणि पाणी यांनी ज्या त्या धातूच्या मानाने करावी, असे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. शुद्धीच्या अन्य कल्पना कोणी मानो वा न मानो, रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा नियम आजही पक्का आहे.

आता कल्हईविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. पितळी भांडी माळ्यावर गेली ती मुख्यतः कल्हई दुर्मिळ झाल्यामुळे, वजनामुळे नव्हे. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक, आमटी किंवा चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते, हे प्रत्येक गृहिणीस माहीत आहे. आंबट पदार्थ तांब्याला खातो, तांब्याचे क्षार अन्नात उतरतात, आणि त्याने मळमळ, उलटी, पोटदुखी होते. यावर उपाय म्हणून धातूवर कथलाचा पातळ थर द्यावयाचा. कथील 232 अंश सेल्सियसलाच वितळते, म्हणून साधी कोळशाची भट्टी व हातभाता एवढ्यावर हे काम होते. भांडे आधी घासून निर्मळ करतात, निखाऱ्यावर फिरवीत तापवितात, त्यात नवसागराची पूड टाकतात, पांढऱ्या धुराचा लोट उठतो. तेवढ्यात कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील सर्वत्र फिरवून पाण्यात भांडे बुडवितात. हा सर्व खेळ काही मिनिटांचा. नवसागर तापलेल्या धातूवरील गंज नाहीसा करतो, म्हणून कथील धातूस घट्ट धरते. त्याशिवाय ते थेंबाथेंबाने घरंगळून जाईल. कापसाच्या या मुलखात बोळ्याला कापूस कमी पडत नाही, एवढी तरी आपली सोय आहे! धूर मात्र घशाला झोंबणारा असतो. हे काम उघड्या अंगणातच करवावे, आणि दम्याची प्रकृती असलेल्यांनी व लहान मुलांनी वाऱ्याच्या बाजूला उभे राहून गंमत पाहू नये.

कथलात शिशाची भेसळ होण्याचा धोका जुनाच आहे. शिसे स्वस्त, आणि दिसण्यात दोन्ही धातू जवळजवळ सारखे; परंतु शिसे शरीरात साठणारे विष आहे आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा दुष्परिणाम सर्वांत अधिक होतो. म्हणून कांडी पाहून घ्यावी. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकविली असता बारीक कुरकुर असा आवाज येतो. शिसे मुकाट्याने वाकते. शिशाने कागदावर करडी रेघ उमटते, तशी कथलाने उमटत नाही. प्रामाणिक कारागीर ही परीक्षा घेऊ देण्यास कधी नाही म्हणत नाही. उलट आपल्याला पारख आहे असे पाहून त्याला बरेच वाटते. कल्हई झाल्यानंतरची काळजी घरच्यांनी घ्यावयाची. कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये, त्यात तळण तळू नये, आणि फोडणी लोखंडी पळीत करून वरून घालावी. कारण तापलेल्या तेलाची उष्णता कथील वितळण्याच्या उष्णतेपर्यंत सहज जाऊन पोहोचते. आपल्या आज्या वरणावर पळीतून चुरचुरीत फोडणी देत, तीत खमंगपणा होता तशी ही सोयही होती.

पण कल्हई करणार कोण? खरी अडचण येथे आहे. लोहार, सुतार, कुंभार हे गावगाड्यातील बलुतेदार होते; त्यांना सुगीच्या वेळी धान्य मिळे आणि त्याच्या मोबदल्यात वर्षभर औतांची व घरची दुरुस्ती ते करीत. दुरुस्तीला निराळे पैसे पडत नसल्याने वस्तू मोडली की ती त्यांच्याकडे जाई, हे ओघानेच आले. कल्हईवाला व पिंजारी बलुतेदारांत नव्हते. ते रोखीवर काम करीत, गावोगाव फिरत, आणि ज्या गावी दहा घरी काम निघे तेथे मुक्काम करीत. बलुत्याची पद्धत मोडली, तिच्यात अन्याय पुष्कळ होता म्हणून ती मोडली हे बरेच झाले. पण तिच्या जागी दुरुस्तीच्या कामाला कसलीच बैठक उरली नाही. पाच वर्षांतून एकदा एका घराने एक पातेले काढावयाचे आणि कल्हईवाल्याने मात्र भाता खांद्यावर घेऊन आपली वाट पाहत राहावयाचे, हे कसे घडावे? त्याच्या मुलाने दुसरा धंदा धरला तर त्यास बोल लावण्याचा आपणांस अधिकार नाही.

मंगरूळास ‘पीर’ हे उपपद ज्यामुळे लागले तो हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथांचे स्थान ही दोन्ही या गावची ख्याती. गावाप्रमाणेच आमची स्वयंपाकघरेही दोहोंच्या आधारावर उभी राहिली आहेत. सोवळ्यातील पातेल्याला कल्हई करणारा आणि देव्हाऱ्यापुढील गादीचा कापूस पिंजणारा, हे दोघेही फार करून मुसलमान असत, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. आज त्या कारागिरांची घरे कोठे आहेत, त्यांपैकी कोण अजून काम करतो, हे विचारावयास आपण होऊन गेले पाहिजे. आमची सूचना अशी की, एका आळीतील पाचसात घरांनी मिळून वर्षातून दोन वेळा, एकदा पितृपक्षापूर्वी आणि एकदा लग्नसराईच्या आधी, सर्वांची कामे एकत्र करून कारागिरास निरोप धाडावा. एका अंगणात त्याला जागा, पाणी व कोळसा द्यावा, आणि मजुरीत घासाघीस करू नये. दोन दिवसांचे काम एके ठिकाणी मिळाले तर दूरच्या गावाहूनही माणूस येतो. नव्या स्टीलच्या डब्याची छापील किंमत मुकाट्याने मोजणारे आपण, कल्हईवाल्याशी मात्र दहा रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालतो, हे शोभत नाही.

युरोपीय संघाने 2024 साली वस्तू दुरुस्त करून मिळण्याच्या हक्कासंबंधी कायदा केला, आणि आपल्या सरकारनेही डिसेंबर 2022 मध्ये त्याच हेतूने ग्राहकांसाठी एक संकेतस्थळ उघडले. यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांना सुटे भाग देण्यास भाग पाडणे कायद्याला शक्य आहे. भाता फुंकणारा माणूस कायद्याने निर्माण होत नाही. तो कामानेच टिकतो. आमच्या शेजारच्या कारंज्यावरून मूर्तिजापूर–यवतमाळ ही ‘शकुंतला’ जात असे. तिचे वाफेचे एंजिन मँचेस्टरला 1921 साली तयार झालेले. 1923 पासून 1994 पर्यंत ते चालले. सत्तर वर्षे एक एंजिन चालते ते त्याच्या लोखंडाच्या गुणाने थोडे, आणि रोज त्याच्या अंगाखाली शिरून तेल घालणाऱ्या हातांच्या गुणाने फार. आता ती गाडी धावत नाही, व ते हातही पांगले.

पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांना जुन्या घरगुती वस्तूंचे मोल निराळे सांगावयास नको. कै. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांनी 1920 च्या सुमारास वस्तू जमविण्यास आरंभ केला. आपल्या अकाली वारलेल्या मुलाच्या नावाने हा संग्रह केला आणि 1975 साली तो महाराष्ट्र सरकारास अर्पण केला. दिवे, अडकित्ते, दरवाजे, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी अशा वीस हजारांवर वस्तू तेथे आहेत. त्यांनी हे केले नसते तर त्यांतील कित्येक वस्तू भट्टीत गेल्या असत्या. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही इतकेच म्हणतो की, काचेमागच्या अडकित्त्याने सुपारी कातरली जात नाही. घरात जो अडकित्ता अजून कातरतो, त्याची खीळ सैल झाली असेल तर ती लोहाराकडून ठोकून घेण्यात आठवड्याची दिरंगाई करू नये.

हे लिहीत असताना हल्लीच्या एका फॅशनची आठवण होते. घंगाळाला बुडाशी भोके पाडून त्यात क्रोटन लावावयाचे, आणि जात्याच्या वरच्या तळीवर काच बसवून तिचे मेज करावयाचे! ओल्या मातीने व खताने पितळ वर्षभरात हिरवे होते आणि भोक पाडलेले घंगाळ पुन्हा पाण्याच्या उपयोगाचे राहत नाही. जाते तर आमच्या या तुरीच्या मुलखात अजून उपयोगाचे आहे. त्याला टाकी लावून घेतली तर घरची तूर घरी भरडता येते.

लाकडाच्या बाबतीत वऱ्हाडच्या हवेचा स्वभाव ध्यानी ठेवला पाहिजे. वैशाखात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, लाकूड आकसते. श्रावणात तेच लाकूड ओल पिऊन फुगते. पावसाळ्यात दार चौकटीत अडकू लागले की घरची मंडळी घाईने सुताराकडून कड रंधून घेतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच फटीतून धूळ, पाली व विंचू आत येतात. श्रावणात अडकलेल्या दाराला दिवाळीपर्यंत वेळ द्यावा. तोवर कडेला मेण चोळून भागते. हवा कोरडी झाल्यावरही अडकले, तरच रंधा.

झोपाळ्याची पाटी, देव्हारा, जुने सागवानी कपाट यांना व्हार्निशाच्या जाड थरापेक्षा जवसाचे तेल शतपटीने बरे. जवस हे आपल्याच मुलखातील पीक. त्याचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन सुकते व लाकडाच्या रंध्रांत घट्ट होऊन बसते; गोडे तेल तसे सुकत नाही, ते चिकट राहून धूळ धरते. कच्चे तेल सुकण्यास फार दिवस लागतात, म्हणून रंगाऱ्याकडील उकळलेले तेल घ्यावे. फडक्याने अगदी पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने उरलेले तेल पुसून काढावे, दोन-तीन दिवस सुकू द्यावे व पुन्हा दुसरा हात द्यावा. तिसऱ्या हाताला सागाचे शिरे असे उठून दिसतात की हे तेच कपाट असे वाटत नाही. एक सावधगिरी मात्र अत्यंत आवश्यक आहे. या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता उत्पन्न होते व बोळ्यात ती कोंडून फडके आपोआप पेट घेऊ शकते. वापरलेली फडकी पाण्यात बुडवून ठेवावी, किंवा अंगणात सुटी पसरून पूर्ण वाळल्यावर टाकावी.

जुन्या दारा-खिडक्यांवरील तैलरंग खरवडताना दुसरी सावधगिरी. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाखांत 90 भागांहून अधिक नसावे असा नियम 2016 साली झाला व नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला; त्यापूर्वीच्या रंगांचा भरवसा नाही. म्हणून असा रंग दिव्याच्या ज्योतीने जाळू नये, कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. पाण्याने भिजवून खरवडावा, कपचे गोळा करून नीट बांधून टाकावे, आणि काम चालू असताना मुलांना व गरोदर बायकांना मामाच्या घरी पाठवावे.

काही वस्तूंच्या मागे लागू नये, हेही सांगितले पाहिजे. कांशाच्या ताटाला तडा गेला व वाजविल्यावर ते बद्द बोलू लागले की त्याला डाख देऊन उपयोग नाही. शंभरात सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग तांबे व बावीस भाग कथील अशी ती ठिसूळ मिश्रधातू आहे. कासाराकडून ती पुन्हा ओतवून घ्यावी. शिशाच्या डाखाने जोडलेले कोणतेही भांडे अन्नाला किंवा पाण्याला वापरू नये, त्यात नाणी ठेवावी. जुन्या विजेच्या पंख्याची कापडी वेष्टणाची तार कुजलेली असते. वायरमनकडून ती बदलून घेतल्यावाचून तो पंखा ‘चालतो का पाहू’ म्हणूनही लावू नये. उशा-गाद्यांचा कापूस पिंजून पुन्हा भरता येतो, परंतु वर्षानुवर्षे ओल खाल्लेला, काळवंडलेला कापूस आजाऱ्याच्या उशाखाली देण्यापेक्षा टाकलेला बरा.

अंगणाकडे वळू. बागेतील खुरपे, विळा, टिकास, फावडे ही हत्यारे गंजली म्हणून टाकणाऱ्यांची आम्हांस मौज वाटते. गंज बहुधा पोटात गेलेला नसतो. हत्यार चिंचेच्या दाट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावे, सकाळी नारळाच्या शेंडीने घासावे, धुऊन लगेच उन्हात तापवावे आणि गरम असतानाच तेलाचे बोट फिरवावे. धार गेली असेल तर लोहाराकडून पुन्हा घडवून पाणी पाजून घ्यावे. नुसती कानस मारून आणलेली धार चार दिवस टिकते, पाणी दिलेली हंगाम काढते. दांडा बाभळीचा किंवा धावड्याचा असावा आणि वाळलेला असावा. ओल्या लाकडाचा दांडा बसविताना घट्ट वाटतो, पण महिन्याने सुकून सैल होतो व कुदळ उगारली असता डोके निसटून मागच्याच्या अंगावर जाते. सैल दांड्याचे हत्यार पाण्यात बुडवून ठेवण्याची युक्ती कित्येकजण करतात. तिने लाकूड तात्पुरते फुगते आणि वाळल्यावर पूर्वीहून अधिक सैल होते. पाचर मारावी.

तुळशीवृंदावन, हौदाची कड किंवा विहिरीचा कठडा जुन्या विटांचा व चुन्याचा असेल, तर तडा दिसताच सिमेंट लिंपण्याची जी सार्वत्रिक चूक होते तिच्यापासून वाचकांनी कृपा करून दूर राहावे. आमची काळी भुई पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरील बांधकाम थोडे हलतेच. चुना मऊ असल्याने ते हलणे सोसतो, आणि विटेत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट कठीण व घट्ट. ते ओल कोंडते, आणि मग सिमेंट शाबूत राहून विटाच पापुद्र्यापापुद्र्याने गळू लागतात. तुळशीला रोज पाणी पडत असल्याने वृंदावनात हे लवकर दिसून येते. सांध्यांतील सिमेंट व सुटलेला चुना छिन्नीने हळूहळू काढून टाकावा. कळीचा चुना खड्ड्यात विरवून निदान पंधरवडाभर पाण्याखाली मुरू द्यावा. विरताना तो उकळतो, तेव्हा डोळे जपावे आणि हाताला तेल लावून काम करावे. मुरलेल्या चुन्याच्या एका भागास तीन भाग धुतलेली वाळू, व जेथे सतत पाणी लागते तेथे वाळूच्या काही भागाऐवजी विटांची बारीक सुरखी घालून तो चांगला मळावा. सांधे आधी पाण्याने भिजवावे, मग चुना दाबून भरावा, व वर ओले गोणपाट टाकून आठ-दहा दिवस ते सुकू देऊ नये. वैशाखाच्या उन्हात किंवा श्रावणाच्या झडीत हे काम हाती घेऊ नये. पाऊस सरल्यावर आश्विनात घेतले, तर कार्तिकातील तुळशीच्या लग्नापूर्वी वृंदावनाला पांढरा हात देऊन होतो, आणि मांडवाच्या कामाला मंडळी मोकळी राहतात.